ध्रुवपदाएवढी मिठी

—नाही नाही, तिथं नका ठेवू कप, ते टेबल नाहीये, स्पीकर आहे. वर कापड घातलंय म्हणून तसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्यावर पाण्यानं भरलेला जग ठेवला होता. सासूबाई बोलल्या काही नाहीत, जग उचलला आणि माझ्या हातात दिला. इथं असंच आहे, बोलतात कमी, उचलून हातात जास्त देतात. हं, स्टुलावर ठेवा. आणि तुमचं ते रेकॉर्डिंगचं यंत्र पिशवीतच राहू दे. पप्पा आले की त्यांचं घ्या, त्यांना आवडतं. पप्पा म्हणजे माझे सासरे हो. केस कापायला गेलेत, उद्याच्या तुमच्या शूटिंगसाठी. सासूबाई शर्टाला मॅचिंग काहीतरी आणायला. नवरा गोडाऊनवर. म्हणजे सध्या तुमच्या वाट्याला मी. आणि माझ्याकडून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही, मी कमी बोलते. कुणालाही विचारा, साउंडवाल्यांची सून कशी, तर शांत. हे लोक ते कौतुकानं सांगतात — दिवसभर आवाजात असतात ना, घरात एक तरी वस्तू न वाजणारी आणली याचं समाधान.

हे काय, हे आमच्यासाठी आणलंत? फ्रेम? अगबाई. केवढी मोठी. — हाच फोटो. नाही, छान आहे, काच चांगली आहे. पोस्टरवर बघितला होता आम्ही, बसस्टॉपवर लावलाय तुमच्या गाण्याच्या कंपनीनं, पप्पा मुद्दाम त्या रस्त्यानं गाडी नेतात. दोन हात आणि मधे माइक, आणि खाली गाण्याची ओळ. 'सवय कर, आरशा, ही मीच आहे.' हो, पाठ आहे. पाठ नसलेलं कोण राहिलंय? आमच्या प्रत्येक ऑर्डरला वाजतं. वाढदिवसाला वाजतं, रिटायरमेंटला वाजतं, परवा एका दुकानाच्या उद्घाटनाला वाजलं — फरशांचं दुकान, तिथं कुणी कुणाला स्वीकारायचं होतं देव जाणे. गाणं वाईट आहे असं नाही म्हणत मी. चाल लागते डोक्याला. पण मी एक बघितलंय, आता तुम्ही त्याच कंपनीतल्या म्हणून सांगू की नको — सांगते. ते ध्रुवपद आलं ना की माणसं शेजारच्याला जवळ घेतात. बाप मुलाला, सासू सुनेला, कोण कोणाला. आणि जवळ घेताना आधी बघतात कॅमेरा कुठंय. मी बाजूला केबल धरून उभी असते, मला दिसतं. मान अशी जरा वळते आणि मगच डोळे मिटतात.

तुम्हाला व्हिडिओबद्दल हवंय. माहितीये. तुमच्या त्या मालिकेचं नाव काय म्हणालात — 'गाण्यानं जोडलेली घरं'. हं. आमचं घर जोडलेलं आहे असं तुम्हाला व्हिडिओवरून कळलं. किती लोकांनी बघितलाय तो, तुम्हाला आकडा ठाऊक असेल, पप्पांनाही ठाऊक आहे, सकाळी उठून दाढीच्या आधी बघतात. मला त्यात तुम्ही ओळखलं का? नाही ना. कडेला अर्धी कापलेली एक बाई दिसते, एक डोळा आणि गळ्यातल्या हाराचा अर्धा भाग, ती मी. माझ्याच लग्नाचं रिसेप्शन होतं ते. माझं लग्न एवढ्या लोकांनी बघितलं आणि मी त्यात अर्धी आहे. खाली लोक लिहितात, वहिनीच्या डोळ्यांत पाणी बघा, किती समजूतदार सून मिळाली. पाणीबिणी काही नव्हतं हो. मी दुसरीकडेच बघत होते. — कुठं ते जाऊ दे.

झालं काय, ते तुम्हाला माहीतच आहे, तरी सांगते, माझ्या बाजूनं. माझी नणंद — चेकू म्हणतात तिला सगळे, लहानपणी बोलायला लागली ती 'चेक, चेक' असं म्हणतच, माइकवाल्या घरातलं पोर — ती स्टेजवर आली. मागे हेच गाणं बारीक आवाजात चालू होतं. तिनं पप्पांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, दादाचं झालं, आता जो भेटतो तो मला विचारतोय, तुझं कधी, तुझं कधी. तर एकदाच सगळ्यांना सांगते. मला नवरा नकोय. माझ्या मनात एक मुलगी आहे, आणि ती— आणि तिथं पप्पा पुढं झाले, तिला मिठीत घेतलं, गाण्याचं ध्रुवपद आलं, मोठ्यानं, सगळा हॉल उभा राहिला, टाळ्या. तेवढंच आहे व्हिडिओत. चेकूला पुढं बोलवेना, गहिवरून आलं तिला, असं लोक लिहितात. मग ती पप्पांच्या कानात काहीतरी म्हणते. ते काय म्हणाली असेल याच्यावर तर लोकांनी कविता केल्यात. 'थँक्यू पप्पा' म्हणाली, असं सगळ्यांचं ठरलंय.

नाही. मला नाही माहीत. — म्हणजे मी जवळच उभी होते, पण टाळ्या केवढ्या होत्या.

चेकू कुठं असते? तिचा पत्ता नाही बाई माझ्याकडे. तेच विचारायला आलात ना? मला दारातच वाटलं होतं, उद्याच्या वेळेचं सांगायला माणूस फोन करतो, घरी येत नाही. गेली ती इथून, लग्नानंतर लगेचच. भांडण नाही, काही नाही. या घरात भांडण होत नाही. दुसऱ्या शहरात आहे एवढंच ठाऊक आहे आम्हाला. नंबर तिनं बदलला. त्या दोघी राहतात तिथं पाण्याचाही त्रास आहे म्हणे, कालच सांगत होती, दोन जिने चढून बादल्या—

गेलं तोंडातून. बरं. हसू नका. असं होतं, कमी बोलणाऱ्या माणसाला बोलायची सवय नसते, कुठं थांबायचं कळत नाही. तर हो, बोलतो आम्ही. ती माझी नणंद आहे, त्यात चोरी कसली? चोरीनंच बोलतो, ते वेगळं. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा. आमच्याकडे हल्ली फार कपडे वाळत असतात. पण नंबर मी देणार नाही. तुम्ही बऱ्या वाटता, चहा पण पूर्ण प्यायलात, तरी देणार नाही. कारण सांगू? तुम्ही तिला उद्या त्याच हॉलमध्ये, त्याच स्टेजवर उभी करणार, पप्पा परत जवळ घेणार, गाणं परत लागणार, आणि मग ते कायमचं खरं होऊन बसेल. आत्ता निदान आम्ही चारपाच जण आहोत ज्यांना माहितीये.

काय माहितीये म्हणजे? काही नाही. — तुम्ही तो फोटो असा माझ्याकडे तोंड करून नका ठेवू हो. उलटा करा. नाही तर द्या इकडं. हे बघा. हा चेकूचा हात. हा वरचा पप्पांचा. 'बापाचा हात', असं तुमच्या पोस्टरवर पण लिहिलंय कुठंतरी बारीक. छान आहे हात. आता अंगठा बघा. कुठं आहे अंगठा? कुणी कुणाचा हात प्रेमानं धरला तर अंगठा वर असतो ना, असा, किंवा गोंजारताना असा. हा खाली दाबलेला आहे. माइकच्या खालच्या बाजूला. तिथं काय असतं? तुम्ही गाण्याच्या कंपनीत काम करता, तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आत लावलेत माइक, आणून दाखवते. तिथं बटण असतं. चालू-बंदचं.

हो. बंद केला. मिठीत घेऊन बंद केला.

आणि दुसरा हात, पाठीवरचा, लोक म्हणतात थोपटतायत. थोपटत नाहीयेत, व्हिडिओ परत बघा, एक बोट वर आहे. या धंद्यात ओरडून सांगता येत नाही ना, गोंगाट असतो, म्हणून खुणा असतात. मूठ म्हणजे बंद कर. बोट वर म्हणजे आवाज वाढव. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी आवाजाच्या मिक्सरकडे बोट वर केलं, आणि गाणं वाढलं. म्हणून तो क्षण असा भरून येतो सगळ्यांना. ध्रुवपद नेमकं तेव्हाच कसं आलं, नशीबच, असं लोक लिहितात. नशीब कसलं, ते वाढवलं. आणि चेकूला गहिवरूनबिवरून काही आलं नव्हतं. ती याच घरातली आहे, माइक मेला की तिला आधी कळतं, आपलाच आवाज आपल्याकडे परत येईनासा होतो ना. म्हणून थांबली. आणि कानात म्हणाली ते — ऐकलं मी. म्हणाली, 'पप्पा, चालू करा ना.' दोनदा म्हणाली.

गाणं कुणी वाढवलं, हे नाही विचारलंत तुम्ही. बरं केलंत. — माझ्या नवऱ्यानं. अहो, रिसेप्शन त्याचं, सूट त्याचा, आणि हा स्टेजवरून उतरून मिक्सरवर. का, तर स्पीकरला शिट्टी येत होती. शिट्टी आली की हा बसू शकत नाही, ताटावरून उठतो. मी स्टेजवर एकटी, शेजारी रिकामी खुर्ची, आणि लोक येऊन खुर्चीलाही नमस्कार करून जातायत. तर मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या हाताकडे. बहीण बोलत होती, तो ऐकत होता, चेहरा चांगला होता त्याचा, हसरा होता, मला आठवतं, मी मनात म्हटलं, बरा माणूस मिळालाय. मग बोट वर झालं आणि मिक्सरच्या पट्टीवरचा त्याचा हात वर सरकला. लगेच. जराही थांबला नाही. नंतर मी विचारलं त्याला. का वाढवलंस? म्हणाला, हात आपोआप गेला गं, लहानपणापासूनची सवय आहे, पप्पांचं बोट दिसलं की जातो. आपोआप. तुमचा काय अंदाज? जातो का हात आपोआप? मी त्याला बघत असते हल्ली. भाजी वाढताना, दिवा मालवताना. कुठलं आपोआप होतं आणि कुठलं तो करतो ते शोधत असते. चांगला वागतो हो. मला मिक्सर शिकवला त्यानं, आपणहून, कुठला आवाज कुठल्या सरकत्या पट्टीवर, कुणाचा किती धरायचा. मी शिकताना पण मनात हेच, हा मला का शिकवतोय.

आणि त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याचं सांगते, आता एवढं सांगितलंच आहे तर. 'माझ्या मनात एक मुलगी आहे, आणि ती—' आणि ती इथंच बसलीय. असं म्हणणार होती चेकू. ती मुलगी हॉलमध्ये होती. वाटेच्या कडेच्या खुर्चीवर, हिरव्या कपड्यांत. स्टेजवरून सगळं दिसतं, नवरीला दुसरं काम काय असतं. चेकूचं वाक्य सुरू झालं तशी ती उठायला लागली, बोलावणार म्हणून. पर्स खांद्याला लावली, ओढणी सारखी केली. मग गाणं वाढलं. सगळा हॉल उभा राहिला तेव्हा ती खाली बसली. तिच्यासमोर सगळ्यांच्या पाठी. नंतर बघितलं तर तीही टाळ्या वाजवत होती, काय करणार, सगळेच वाजवत होते. तुमच्या व्हिडिओत ती कुठंच नाही. तुमच्या गाण्यातही नाही, मी शब्द नीट ऐकलेत, 'मी मी मी' पुष्कळ आहे, आरसा आहे, 'आम्ही' कुठंच नाही. आरशापुढं एकटीनं उभं राहायला सगळ्यांची परवानगी आहे. दुसरी बरोबर आली की आवाज वाढतो.

पुढं काय, पुढं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन. अभिनंदन, काय बाप आहे, काय घर आहे. आणि चेकू म्हणाली, हिला एकदा घरी आणते, चहाला. तर सासूबाई म्हणाल्या, 'आता आणि काय राहिलंय? सगळ्या जगासमोर जवळ घेतलं ना तुला त्यांनी.' बघा. म्हणजे करून झालं होतं. जे करायचं ते व्हिडिओत झालं, आता घरात करायची गरज नाही. कुणी काही म्हटलं की व्हिडिओ दाखवायचा. चेकूनं बॅग भरली तेव्हा पप्पा म्हणाले, 'हेडफोन राहिले तुझे,' आणि उचलून हातात दिले.

तुम्ही लिहू नका हे. लिहीत नाहीये? मग पेन कशाला काढलंय? ठेवा.

आणि असंही म्हणू नका की गाण्याचा काही उपयोग नाही म्हणाली सून. तसं म्हणता येत नाही मला. एक बाई आल्या होत्या मागे. ऑर्डर नाही, काही नाही, नुसत्याच. तुमच्यासारख्याच दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या मुलीनं मला असंच सांगितलं होतं, मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग हा व्हिडिओ बघितला. मग तिच्या बापाला दाखवला. आता जेवतो आम्ही एकत्र, ती आणि तिची ती पण. मला म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांच्या पाया पडायचंय. पप्पा बाहेर आले, बाई रडतायत, पप्पा मला म्हणतात, पाणी आण. मी पाणी आणलं. काय सांगणार होते मी, की बाई, तो अंगठा बघा? प्लास्टिकच्या फुलावर मधमाशी बसली आणि मध झाला खरा. मला तेव्हापासून काही कळेनासंच झालंय. आधी संशय घ्यायला बरं वाटत होतं, सोपं होतं.

आणि अजून एक. पप्पा तो व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. जन्मभर आवाजाचा धंदा केलेला माणूस, आणि आवाज बंद. गाडीत बसून. मी चहा घेऊन गेले एकदा तर चपापले, फोन पालथा घातला मांडीवर. काय बघत असतील? कौतुक बघत असतील, असं मी आधी धरून चालले. पण कौतुक तर खाली लिहिलेलं असतं, आणि चष्मा डॅशबोर्डवर होता. बटण सरकवायला किती वेळ लागतो? काहीच नाही. बोट वर करायलाही नाही. ते झाल्यावर सोडायला हवं होतं ना त्यांनी तिला? नाही सोडलं. अख्खं ध्रुवपद धरून होते. संपून परत सुरू झालं तरी. ते कशासाठी? त्याचा अर्थ मला लागत नाही. बंद करायला गेलेला हात तिथंच का राहिला. ते जर मला कळलं असतं तर मीच तिला म्हणाले असते, ये गं, शूटिंग तर शूटिंग, निमित्त तर होईल. पण मला खात्री नाही. आणि खात्री नसताना मी तिला त्या स्टेजवर पाठवणार नाही. पुन्हा अर्ध्यात तिचा आवाज गेला तर ती परत कुणाशीच— तर नंबर नाही. पप्पांना सांगा, सून द्यायला तयार नाही, किंवा सांगू नका, सांगा मिळाला नाही. मघापासून तुम्ही काहीतरी म्हणायला बघताय आणि मी बोलू देत नाहीये. बोला. नंबर सोडून काहीही बोला.

नंबर नकोय? मग?

तिनंच? तुम्हाला? — कधी लिहिलं? मला बोलली नाही. कालच तर बोललो आम्ही, पाण्याचं सांगितलं, बादल्यांचं सांगितलं, हे नाही सांगितलं. तुम्हाला खात्री आहे ती चेकूच आहे? दाखवा. ... हो. तीच. दोघी येणार? उद्या? हॉलवर? तिनं तसं लिहिलंय, 'आम्ही दोघी'.

आणि अट काय? ... मिक्सरवर पप्पा नकोत. बरोबर आहे. दादा नको. तेही बरोबर आहे. मग कोण, तुमच्या कंपनीचा माणूस? नाही? मग कोण ते वाचा ना, थांबता काय.

...

मी?

नाही हो. नाही. मी नवीन आहे. म्हणजे येतं मला, ते येतं, पट्ट्या सगळ्या ओळखते मी, तिचा आवाज कुठं बसतो तेही माहितीये, पण ते शिकणं वेगळं. समोर पप्पा उभे, बोट वर केलेलं, सगळा हॉल बघतोय, नवरा शेजारी — आणि माझा हात तिथं. तुम्हाला कळतंय का ती काय मागतेय? त्या बोटाकडं बघून काहीच करायचं नाही, हे मागतेय. या घरात कुणाला जमलेलं नाही ते. पप्पांना माहितीये ही अट? ... म्हणजे तुम्हालाही धीर झाला नाही. आणि तुम्हाला वाटलं सुनेला विचारू आधी. म्हणून आलात. मी उगाच तुमच्यावर — असू दे. नाही म्हटलं मी, तर? नाही म्हटलं तर ती येणार नाही, एवढंच ना. एवढंच.

गाडी वाजली. पप्पाच. कप द्या इकडं. फोटो राहू दे, नका उलटा करू, राहू दे तसाच. काही बोलू नका तुम्ही.

—या पप्पा. पाहुण्या आल्यात, गाण्याच्या कंपनीतून. हो, छान कापलेत, मागून पण. चेकू येतेय उद्या. हो, खरंच. बसा आधी. दोघी येतायत. पाणी देते, थांबा, आणि एक सांगायचंय. उद्या मिक्सरवर मी बसणार आहे.

नाही पप्पा, थट्टा नाही.

तुम्ही निघा आता, बाई. हे आमच्या घरातलं बोलणं आहे.